टॉवेलाखालचा हात

“आजोबा, मान उजवीकडं वळवा. अजून थोडी. आणि आता बोलायचं नाही.”

“आजोबा कुणाला म्हणतीया ही?” मायाप्पा भिंतीकडं तोंड करून पुटपुटला.

“बोलायचं नाही म्हटलं ना.”

मी कोपऱ्यातल्या लोखंडी स्टुलावर बसलो होतो. पहाटेच्या एसटीनं जतहून निघालो, मिरजेला उतरलो, केसपेपर काढला, नंबर लावला, आणि दुपार कलंडली तेव्हा कुठं आत बोलावणं आलं. कंबर मोडून आली होती. पोटात एक वडापाव आणि चार चहा. त्यात त्या खोलीत एवढा गारठा की मी गळ्यातला टॉवेल कानावरून गुंडाळून घेतला होता. तपासणाऱ्या डॉक्टर मुजावर मॅडमही आमच्यासारख्याच दमलेल्या दिसत होत्या. टेबलाच्या कडेला त्यांचा डबा उघडा पडला होता, त्यात अर्धी चपाती तशीच होती. एका हातानं मायाप्पाच्या मानेवर ते यंत्राचं मुसळ फिरवायचं, दुसऱ्या हातानं बटणं दाबायची, आणि मधूनच मनगट चोळायचं, असं त्यांचं चाललं होतं.

मायाप्पा गडदे आणि मी, बिराप्पा बंडगर, दोघंही जनावरांच्या बाजारातले दलाल. पोरवयापासून एकाच बाजारात एकमेकांच्या समोर उभं राहिलेलो. बहुतेक सौद्यात तो विकणाऱ्याचा आणि मी घेणाऱ्याचा. भांडलो किती, त्याला मोजदाद नाही, पण जेवायला बसलो की एकाच भाकरीचे दोन तुकडे. तीन वर्षांपूर्वी त्याचं तोंड वाकडं झालं होतं, बोलणं लडबडलं होतं. थोडक्यात निभावलं. मानेच्या डाव्या बाजूची, मेंदूला रक्त नेणारी शीर आतून बुजत आली होती, म्हणून मिरजेच्या डॉक्टरांनी तिच्यात जाळी बसवली. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी ही सोनोग्राफी. जाळी बसवलेली शीर आतून परत बुजायला लागते का, ते बघायचं.

एरवी त्याच्याबरोबर आत त्याची बायको, बनावैनी, जायची. या खेपेला दारात नर्स म्हणाली, “पेशंटसोबत एकच जण,” तर हा गडी बायकोला म्हणतो, “तू बस भाईर. बिऱ्या येतूया.” वैनीचं तोंड उतरलं. मला वाटलं, म्हातारपणी लाजायला लागला की काय. मी गेलो आत.

मशीनमधून आवाज यायला लागला. शू... शू... शू...

“हे काय वाजतंय?” मी विचारलं.

“त्यांच्या मानेतलं रक्त. धावताना असा आवाज येतो.”

मी गप ऐकत बसलो. जन्मभर या माणसाची बडबड ऐकली, आता रक्तही ऐकायला मिळालं. मग मॅडमनी यंत्र थोडं वर सरकवलं आणि आवाज बदलला. बारीक झाला, कर्कश झाला. मॅडम तिथंच थांबल्या. परत खाली आल्या, परत वर गेल्या. बटण दाबलं, चित्र थांबवलं, रेघ ओढली. परत तेच. तिसऱ्यांदा तेच केलं तेव्हा मी स्टुलावरून पुढं सरकलो. जनावराच्या दातात बोट घालून कुणी तिसऱ्यांदा बघायला लागला, की समजायचं काहीतरी खोट सापडलीय.

“मॅडम, हाय का बरं?”

त्यांनी कागदानं मायाप्पाची मान पुसली, त्याला उठून बसायला सांगितलं, आणि आपली खुर्ची आमच्याकडं वळवली.

“नीट ऐका दोघंही. बागेत पाणी मारताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की काय होतं?”

“पाणी लांब उडतं,” मायाप्पा म्हणाला.

“हं. जागा कमी झाली की वेग वाढतो. शीर जिथं अरुंद होते तिथं रक्त जोरात धावतं, आणि तो वेग मी मोजते. आता जाळी बसवलेली शीर मुळातच थोडी ताठ असते. त्यामुळं तिथं वेग जरा जास्त येतोच. नुसता वेग बघून घाबरायचं नसतं. पण तुमचा वेग गेल्या खेपेपेक्षा चांगलाच वाढलाय. आतून परत अरुंद व्हायला लागलीय ही जागा.”

“मग आता?”

“तिथंच तर अडलंय. अगदी मधोमध आहे. दोन रस्ते आहेत. एक, गोळ्या चालू ठेवायच्या आणि तीन महिन्यांनी परत बघायचं. दुसरा, आत्ताच दाखल व्हायचं, मांडीतून तार घालून फुग्यानं ती जागा मोकळी करायची. पण आत शिरण्यातही धोका असतो. तिथला एखादा कण सुटून मेंदूत गेला तर टेबलावरच लकवा मारू शकतो. उगाच मी कुणाला त्यात पाठवत नाही.”

“मग नकोच की,” मायाप्पा म्हणाला, आणि बनियनवर सदरा चढवायला लागला.

“थांबा. एक सांगा आधी. मधल्या काळात काही झालं होतं का? हात बधिर होणं, जीभ जड होणं, एका डोळ्यापुढं अंधार येणं? दोन मिनिटांसाठी होऊन परत ठीक झालं असेल तरी सांगा. तसं झालं असेल तर थांबून चालणार नाही. ती पुढच्या मोठ्या झटक्याची खूण असते. काही झालं नसेल तर मी थांबायला सांगेन.”

“काय न्हाई,” मायाप्पा म्हणाला.

आणि हे सांगताना त्यानं मॅडमकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं. बायकोला बाहेर बसवून मला आत का घेतलं, ते मला तेव्हा कळलं.

कारण मला ठाऊक होतं.

आता आमच्या धंद्याची रीत सांगायला पाहिजे. जनावराचा भाव आम्ही चारचौघांत बोलत नाही. दोघा दलालांनी हात हातात घ्यायचे, वर टॉवेल टाकायचा, आणि बोटांनी बोलायचं. जितकी बोटं धरली तितका आकडा. तोंडानं पाऊसपाणी, पोराबाळांची लग्नं, काहीही बोलत राहायचं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आत काय चाललंय ते दोघांशिवाय कुणाला कळत नाही. पटलं की टॉवेल काढायचा आणि तोंडानं म्हणायचं, झाला. एकदा झाला म्हटलं की झाला. आणि टॉवेलाखाली जे झालं ते बाहेर बोलायचं नाही. ना मालकाला, ना घरी बायकोला. त्या दोघांनीसुद्धा परत एकमेकांत काढायचं नाही. याच्यावरच सगळा बाजार उभा होता. ज्याचं तोंड सुटलं त्याच्याशी परत कोण हात मिळवणार?

आदल्याच बाजारी एक खिलारी खोंड आला होता. देखणा, पांढराफेक. मालक एक तरणा मास्तर. बाप वारला होता, याला गोठा झेपेना. मायाप्पावर सगळं सोपवून बाजूला उभा राहिला होता बिचारा. गिऱ्हाईक माझं. आम्ही हात धरले, वर माझा टॉवेल टाकला. मी पहिला भाव दिला. पहिला भाव पडेलच द्यायचा असतो, तो कुणीच घेत नाही. आता त्यानं माझी बोटं धरून वर चढवायचं.

त्याची बोटं हललीच नाहीत.

माझ्या तळव्यात ती नुसती पडून राहिली. गार, ढिली. मी वाट बघितली. मला वाटलं, खेळवतोय. मायाप्पाची ती सवयच होती. मी जरा दाबून बघितलं, तर काही नाही. वर बघितलं तर तोंड हसतंय आणि कपाळावर घाम डवरलाय. उन्हाळा नव्हता की काही नव्हतं. त्यानं स्वतःच्या हाताकडं बघितलं, म्हणजे टॉवेलाकडं, आणि त्याच्या डोळ्यांत जे दिसलं ते मी आमच्या सगळ्या जन्मात कधी बघितलं नव्हतं. भ्याला होता तो.

मग मोठ्यानं म्हणाला, “झाला!”

माझ्या पहिल्या, पडेल भावाला! मास्तराचं वाटोळं झालं असतं. पण टॉवेलाखालचा आकडा दोघांनाच ठाऊक. मी टॉवेल काढला, गिऱ्हाइकाच्या कानाशी गेलो आणि खोंडाच्या मोलाचा भाव सांगितला. गिऱ्हाईक खूश, मास्तरही खूश. मायाप्पानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान फिरवली. मग आम्ही चहाला गेलो. त्यानं ग्लास डाव्या हातात धरला. उजवा हात मांडीवर, माझ्याच टॉवेलात गुंडाळलेला. चहा संपत आला तसा टॉवेल आतून हलायला लागला. बोटं एकेक करून मिटत होती, उघडत होती. त्यानं टॉवेल झटकून मला परत दिला. मी काही विचारलं नाही, त्यानं काही सांगितलं नाही. रीतच तशी.

आणि आता तो त्याच रिवाजावर भिस्त ठेवून डॉक्टरणीसमोर बसला होता.

“नक्की काही नाही ना?” मॅडमनी पेन उचललं. “मग मी लिहिते, तीन महिन्यांनी परत.”

“मॅडम,” मी म्हणालो.

“बिऱ्या, चल. एसटी जाईल.”

“मॅडम, हाताला काय झालं असंल तर?”

“गप बस म्हणतो न्हवं मी!” मायाप्पा उठला, आणि त्यानं उजवा हात थेट मॅडमपुढं केला. “धरा. धरून बघा की.”

मॅडमनी हात धरला, आणि त्यानं असा आवळला की त्या “अगं आई गं!” म्हणून ओरडल्या. मायाप्पा हसला. “हाय का काय ह्या हाताला? खोंडाची वेसण धरतूया अजून.”

“हात आता चांगलाच आहे,” मॅडम बोटं झटकत म्हणाल्या. “पण मी आत्ताचं विचारत नाहीये. ते येतं आणि जातं.” मग माझ्याकडं वळल्या. “तुम्ही बघितलंय का काही?”

मायाप्पा माझ्याकडं बघत होता. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं, मला चेव आला असता. तो विनवत होता. ज्या माणसानं कधी अर्धा आणासुद्धा सोडला नाही, तो डोळ्यांनी माझ्यापुढं पदर पसरत होता. मला कळत होतं तो काय मागतोय. हात मेला म्हटल्यावर त्याच्या टॉवेलाखाली कोण हात घालणार? दुसरं काहीच येत नव्हतं त्याला. जमीन होती ती खडकाची. बाजार गेला की मायाप्पा संपला. आणि मी बोललो तर मीही.

मला एकदम एवढा कंटाळा आला सगळ्याचा. त्या बाजाराचा, त्या रीतीचा, पहाटेपासूनच्या त्या बसण्याचा. बाहेर बाकड्यावर बनावैनी पिशवी पोटाशी धरून बसली होती. सकाळी एसटीत मला म्हणाली होती, भावजी, हे मला खरं सांगत न्हाईत, तुमी तरी सांगा.

“मागच्या आयतवारी,” मी म्हणालो. “बाजारात. टॉवेलाखाली. बोटं मेली होती ह्याची.”

“कशाखाली?”

मग मला सगळं सांगावं लागलं. हात कसे धरायचे, बोटं कशी मोजायची, पहिला भाव, सगळं. ज्यांचा बाजाराशी कसलाही संबंध नाही अशा बाईला, त्या गारठलेल्या खोलीत बसून, बापजाद्यांनी झाकून ठेवलेलं सगळं उघडं केलं. मायाप्पानं एकदाही अडवलं नाही. सदऱ्याचं एकच बटण तो लावत होता, काढत होता.

“कुठला हात?”

“उजवा.”

“किती वेळ?”

“चहा पिऊन होईस्तोवर.”

मॅडमनी पडद्यावरच्या त्या थांबलेल्या चित्राकडं बघितलं. “जाळी डाव्या बाजूला,” त्या हळूच म्हणाल्या, “आणि उजवा हात चालवणारा मेंदू डावीकडंच.” लिहायला घेतलेला कागद त्यांनी बाजूला सारला आणि फोन उचलला. जाळी बसवलेल्या डॉक्टरांशी बोलल्या. काय बोलल्या ते सगळं समजलं नाही, पण “आज” हा शब्द दोनदा ऐकू आला.

फोन ठेवून त्यांनी मायाप्पाला विचारलं, “का लपवलंत?”

“तुमच्या हातात हे मशीन हाय, मॅडम. माझ्या हातात काय हाय? बोटंच हायती.” मग माझ्याकडं वळून, अगदी साध्या आवाजात म्हणाला, “माझा बाजार उठवलास, बिऱ्या.”

माझं डोकंच फिरलं. “मर मग!” मी ओरडलो. “जा, मर बाजारात! पर त्या भाईर बसलेल्या बाईला काय सांगू मी? मला ठावं हुतं पर टॉवेल आडवा आला, आसं सांगू?” आवाज माझाच मला ओळखू येईना. दाराशी नर्स डोकावली. मॅडमनी तिला हातानंच जा म्हणून खुणावलं. मी टॉवेलात तोंड घातलं आणि सरळ रडलो. साठी ओलांडलेला गडी मी, मला लाज वाटली नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्याच दिवशी त्याला दाखल केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची ती शीर मोकळी केली. डॉक्टर बाहेर येऊन वैनीला म्हणाले, वेळेवर आलात. वैनी माझ्या पाया पडायला लागली, मी तिला हाताला धरून उठवलं. मायाप्पा चार दिवसांनी घरी आला. मी भेटायला गेलो तर कूस बदलून झोपला.

महिन्याभरानं तो बाजारात आला. ऐन गर्दीची वेळ. जनावरांच्या मधोमध उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “ऐका रं! माझा हात एकदा टॉवेलाखाली मेला हुता. आता चांगला हाय, पर मेला हुता, हे तुमास्नी ठावं पायजे. आन् दुसरं. बिराप्पा बंडगरानं टॉवेलाखालचं भाईर सांगितलं. हेबी ठावं पायजे.”

मी तिथंच उभा होतो, दहा पावलांवर. त्यातला एक शब्द खोटा नव्हता. त्यानं स्वतःलाही सोडलं नाही, मलाही नाही. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

त्याच्याशी लोकांनी थोडे दिवस हात मिळवला नाही, मग एकेकजण मिळवायला लागला. माझ्याशी कुणीच नाही. कुणी वाईट बोललं नाही, रामराम घातला, तंबाखू मळून दिली, पण टॉवेल टाकला की हात मागं घ्यायचे. दोन-तीन बाजार बघितले आणि मी समजून चुकलो. मग बाजाराच्या तोंडाशी पाल ठोकलं. दावी, कासरे, वेसणी, घुंगरमाळा विकायला बसलो. पोटापुरतं सुटायचं. सबंध बाजार तिथून दिसायचा. मायाप्पा समोरून जायचा, यायचा. बोलायचा नाही. मीही हाक मारली नाही. मला राग नव्हता असं नाही, होता, चांगला होता.

सहा महिने झाले आणि बनावैनी दारात आली. “भावजी, मिरजेला जायचंय. येताय न्हवं?”

“मी कशाला? तुमी हाय की.”

“ते म्हणतेत, बिऱ्या नसंल तर मी जात न्हाई.”

मी गेलो. एसटीत तो खिडकीशी, मी मागच्या सीटवर. मिरज येईपर्यंत एक अक्षर नाही. केसपेपर, नंबर, बाकडं, सगळं तसंच. नर्स म्हणाली, एकच जण. हा आत चालता झाला आणि दार माझ्यासाठी उघडं धरून उभा राहिला. माझ्याकडं न बघता.

मान उजवीकडं, तोंड भिंतीकडं. शू... शू... मॅडमनी दोन्ही बाजू बघितल्या. या खेपेला कुठं थांबल्या नाहीत. मशीन पुसता पुसता म्हणाल्या, “शीर मोकळी आहे. मधल्या काळात काही त्रास?”

मायाप्पा भिंतीशीच बोलला, “मला काय इचारताय? त्येला इचारा.”

मॅडम माझ्याकडं वळल्या. मी सांगितलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. सहा महिने पालात बसून मी दुसरं केलं काय होतं? “हात चांगला हाय, मॅडम. चहाचा ग्लास उजव्या हातातच धरतूया. दावं बांधताना गाठ पयल्यासारखी मारतूया. बोलणं साफ हाय, शिव्या साफ हायती. फकस्त उजव्या पायातली चप्पल दोनदा निसटली. ते मला बरं वाटलं न्हाई.”

मॅडमनी पेन उचललं. “चप्पल निसटली? पाय ओढत होते का?”

“न्हाई वं,” भिंतीकडून आवाज आला. मग तो हळूहळू वळला. मानेवरची ती गार जेली गालाला लागली होती. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं सरळ बघितलं.

“अंगठा तुटला हुता चपलेचा,” तो मला म्हणाला. “नवी घेतलीया. सांग मॅडमला.”